तीन पावलांवरची द्राक्षे

सप्टेंबर १९९२ मधल्या एका गुरुवारी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी, फ्रान्समध्ये बोर्दोच्या पूर्वेला द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या सायकलमार्गावर माझ्या पतींची शुद्ध हरपू लागली. त्यांच्या रक्तातील साखर घसरली होती. त्यांचा जेवणाचा डबा आणि ग्लुकोजच्या गोळ्या आमच्यापासून सहा किलोमीटर पुढे, दुसऱ्या सायकलवर होत्या. ते सारे तिथे ठेवण्याचा आग्रह माझा होता.

आम्ही तेव्हा कॉव्हेंट्रीला राहत होतो. माझे पती तिथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते आणि मी कौन्सिलच्या कचेरीत काम करीत असे. दहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांना मधुमेह असल्याचे कळले आणि इन्सुलिन सुरू झाले. त्याच आठवड्यात मी दत्ताला नवस बोलले: दर गुरुवारी संध्याकाळच्या आरतीपर्यंत पाण्याखेरीज काही घेणार नाही. साबुदाणा नाही, फळ नाही, दूधही नाही. दहा वर्षांत एकही गुरुवार मोडला नव्हता. त्या दिवशी खाण्याकडे न पाहण्याची मला इतकी सवय झाली होती की, कचेरीत कोणाच्या वाढदिवसाचा केक दिवसभर समोरच्या टेबलावर असला तरी तो कोणत्या रंगाचा होता हे मला संध्याकाळी सांगता आले नसते.

त्या वर्षी मात्र मन शंकेने पोखरले होते. उन्हाळ्यात पतींच्या दोन्ही डोळ्यांवर लेझरचे उपचार झाले. मधुमेह डोळ्यांपर्यंत पोहोचला होता. माझ्या उपवासांचा उपयोग काय झाला, हा प्रश्न मला पडला. मी तो कोणाला विचारला नाही, देवालाही नाही. त्याऐवजी मी उपवास आणखी कडक केला. गुरुवारी मी शिजवलेल्या अन्नाला हात लावणे बंद केले. पतींचे दोन्ही वेळचे खाणे बुधवारी रात्रीच करून ठेवू लागले. शंका आली की आपण नियम वाढवतो, हे मला तेव्हा दिसत नव्हते.

फ्रान्सची कल्पना माझ्या धाकट्या दिरांची, विनायकभावजींची. ते कार्डिफला युनिव्हर्सिटीत शिकवत. एका जुन्या रेल्वेचे रूळ काढून तिथे सायकलींसाठी रस्ता केला आहे, पन्नासेक किलोमीटर, एकही मोटार नाही, असे त्यांनी फोनवर सांगितले. कॉव्हेंट्रीच्या रिंग रोडजवळही सायकल न नेणाऱ्या मला तेवढे पुरेसे होते. भावजी, त्यांची पत्नी शैला आणि आम्ही दोघे असे चौघे मोटारीवर सायकली बांधून पोर्ट्‌समथहून बोटीने गेलो.

त्या गुरुवारी सकाळी मुक्कामाच्या अंगणात सामान लावताना जे बोलणे झाले ते मला जसेच्या तसे आठवते. पतींच्या हलक्या सायकलला कॅरिअर नव्हते, त्यामुळे त्यांचा डबा रोज माझ्या सायकलच्या पिशवीत असे. त्या दिवशी मी तो बाहेर काढून भावजींच्या पिशवीत ठेवला. भावजी हसले.

“काय वहिनी, आज सायकललाही उपवास का?”

“चेष्टा करा भावजी. पण माझ्या पिशवीत आज चिकन सँडविच येणार नाही.”

“अहो, बॉक्स टाइट आहे. कोंबडी काही बाहेर येऊन शिवणार नाही तुम्हाला!”

शैला म्हणाली, “गप्प बसा ना तुम्ही. वहिनींचा वार आहे.”

पती टायर दाबून पाहत होते. ते म्हणाले, “अगं, डबा आपल्याजवळ राहू दे. विनू काही माझ्यासाठी हळू चालवणार नाही.”

“मग तुम्ही वेगाने चालवा,” मी म्हणाले.

डब्यातल्या पाकिटातून ग्लुकोजच्या दोन गोळ्या काढून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकल्या आणि म्हणाले, “बरं. तुझा गुरुवार आहे.”

रस्ता भावजींनी सांगितला होता तसाच होता. गुळगुळीत, सपाट, दोन सायकली शेजारी जातील एवढा रुंद. दोन्ही बाजूंना द्राक्षवेलींच्या सरळ ओळी, मधे ओक वृक्षांची राई, अधूनमधून रेल्वेची बंद पडलेली छोटी स्टेशने. एका टेकडीवर मध्ययुगीन मठाचे अवशेष दिसले. छप्पर पडले होते, मनोरा उभा होता. जिथे काढणी चालू होती तिथे मजूर पाठीवर टोपल्या घेऊन ओळींतून चालत होते. पुढच्या एका जुन्या स्टेशनवर एक वाजता जेवायचे ठरले होते. भावजी आणि शैला अर्थातच पुढे निघून गेले.

पाऊण वाजता पतींच्या मागच्या चाकाला पंक्चर झाले. त्यांनी ट्यूब काढून ठिगळ लावले. ते धरले नाही. पुन्हा लावले. दीड वाजता त्यांनी खिशातल्या दोन्ही गोळ्या खाल्ल्या. सकाळच्या इन्सुलिनला एव्हाना जेवण मिळायला हवे होते. मी म्हणाले, मी पुढे जाऊन भावजींना आणते. ते म्हणाले, पाच मिनिटांत होईल. सव्वादोन वाजता त्यांनी प्रयत्न सोडला आणि आम्ही सायकली हातात धरून चालू लागलो. थोड्या वेळात ते उलट दिशेला वळले. मी दंडाला धरले तेव्हा त्यांनी हात झटकला. “उगाच बाऊ करू नकोस. मला रस्ता शिकवू नकोस,” असे ते मोठ्याने म्हणाले. एरवी ते कधी आवाज चढवत नाहीत. कपाळावरून घाम वाहत होता. हे साखर उतरल्याचे लक्षण मी ओळखत होते. दोन चाळीसला त्यांचे गुडघे वाकले आणि ते रस्त्याकडेच्या गवतावर बसले, मग आडवे झाले.

मी त्यांना कुशीवर वळवले आणि माझी पिशवी उघडली. तिच्यात पाण्याचा थर्मास, नकाशा, रेनकोट आणि एक टॉवेल होता. दुसरे काहीही नव्हते. मी स्वतः ती तशी ठेवली होती.

मोटारी नसलेल्या रस्त्यावर मदतीला थांबणारेही कोणी नसते, हे मला त्या क्षणी कळले. फ्रान्समध्ये दुपारचे जेवण लांबते. अर्ध्या तासात त्या रस्त्याने एकही सायकल गेली नव्हती. त्यांना सोडून धावत जावे तर परत येईपर्यंत काय होईल हे सांगता येत नव्हते. मी उभी राहून हाका मारल्या. अशा वेळेसाठी पतींनी मला साखरेचा एक फ्रेंच शब्द शिकवून ठेवला होता. ‘सुक्र’, ‘सुक्र’ असे मी दोन्ही दिशांना ओरडत राहिले. उत्तर आले नाही. मग मी गवतावर बसले आणि मनात म्हणाले: दत्ता, मी दहा वर्षे उपवास केले. पुढचे वाक्य तयार होते. ती मागणी होती. पण ज्यांच्यासाठी उपवास धरला ते त्याच उपवासामुळे माझ्यासमोर पडले होते, आणि ते वाक्य तोंडातून निघेना. शेवटी मी एवढेच म्हणाले, “मला काही कळत नाही. तू बघ.” दहा वर्षांत काहीही न मागता केलेली ती माझी पहिली प्रार्थना होती.

प्रथम कुत्रा आला. तपकिरी, मध्यम उंचीचा, एक कान मुडपलेला. तो वेलींच्या ओळीतून बाहेर आला, पतींचा हात हुंगून भुंकू लागला. त्याच्या मागून, त्याला हाका मारीत, एक बाई आली. वय साठीच्या आसपास, अंगात निळा झगा, हातात छाटणीची कात्री. मी पतींकडे बोट दाखवून पुन्हा ‘सुक्र’ म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला आश्चर्य म्हणता येईल. ती माझ्यामागे तीन पावले गेली आणि तिने द्राक्षांचा एक घड कापला.

द्राक्षे माझ्या दोन्ही बाजूंना होती. सकाळपासून आम्ही त्यांच्यातून चाललो होतो. काळी, लहान, काढणीला आलेली, साखरेने भरलेली. त्यांच्यातून सायकल चालवायलाच आम्ही इंग्लंडहून आलो होतो. मी तिथे वीस मिनिटे साखरेसाठी ओरडत होते आणि मला ती दिसली नव्हती.

बाईने थर्मासच्या झाकणात मुठीने द्राक्षे पिळली. पतींचे डोके तिने मांडीवर घेतले आणि रस त्यांच्या ओठांना थोडा थोडा लावला. त्यांनी गिळला. दुसरा घड, मग तिसरा. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी डोळे नीट उघडले आणि मराठीत विचारले, “ह्या कोण?” बाई हसली आणि फ्रेंचमध्ये काही बोलली. मग तिने एक घड झग्याला पुसून माझ्यापुढे धरला. मी हाताने नको म्हणाले. तिने तो माझ्या मांडीवर ठेवला.

पती म्हणाले, “खा.”

“गुरुवार आहे.”

“मला माहीत आहे. खा.”

मी खाल्ली. साल जाड होती, बिया खूप होत्या. इतके गोड फळ मी त्याआधी खाल्ले नव्हते.

साडेतीन वाजता भावजी आणि शैला आम्हाला शोधत परत आले. आम्ही रमतगमत येत असू असे समजून ते इतका वेळ स्टेशनवर थांबले होते. “दादा, सॉरी, सॉरी,” एवढेच भावजी म्हणत राहिले. पतींनी सँडविच खाल्ले आणि रक्त तपासले. साखर धोक्याबाहेर होती. कुत्र्याची हकिगत ऐकून शैलाने हात जोडले. “वहिनी, दत्तच हो,” ती म्हणाली. भावजी म्हणाले, “शैला, हे फ्रान्स आहे. इथे प्रत्येक शेतात कुत्रा असतो.” दोघांचेही बोलणे मी त्या रात्री वहीत लिहून ठेवले, आणि वेळाही. वरच्या सर्व वेळा त्या वहीतल्या आहेत.

त्या बाईने आम्हाला आपल्या घरी नेले, आमच्या सायकली व्हॅनमध्ये टाकल्या आणि मुक्कामावर सोडले. तिने काहीही घेतले नाही. कागदावर पत्ता तेवढा लिहून दिला. तिचे ऋण मी रोज आठवते. दहा वर्षे मी देवाला एक गोष्ट देत होते आणि दुसरी मागत होते. हात त्यात इतके गुंतले होते की मिळालेले घ्यायला रिकामे नव्हते. सर्व काही आपल्याभोवती वाढलेले असते आणि ते दाखवायला कोणीतरी यावे लागते. ते येणे आपल्या हातात नसते. आपण फक्त हाक मारू शकतो, आणि दिलेले खाऊ शकतो. पुढच्या गुरुवारी सकाळी सात वाजता मी कॉव्हेंट्रीच्या घरी दिवा लावला, नमस्कार केला आणि पतींसमोर बसून दोन टोस्ट खाल्ले. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून पाहिले आणि मुरंब्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

ऑक्टोबरमध्ये आम्ही त्या बाईला पत्र पाठवले. पतींच्या हॉस्पिटलमधल्या एका नर्सने त्याचे फ्रेंच करून दिले आणि आलेले उत्तरही तिनेच वाचून दाखवले. बाईने पतींच्या प्रकृतीची चौकशी केली होती. मळ्याच्या त्या तुकड्यातली द्राक्षे खरे तर त्याच गुरुवारी सकाळी काढायची होती, असे तिने लिहिले होते. आदल्या संध्याकाळी रस गाळण्याचे यंत्र बिघडले, म्हणून मजुरांना एक दिवस सुट्टी दिली. दुपारी ती एकटीच द्राक्षे कशी आहेत ते पाहायला गेली होती. शुक्रवारी यंत्र दुरुस्त झाले आणि दुपारी बारापर्यंत त्या तुकड्यातल्या सगळ्या ओळी रिकाम्या झाल्या.