सोलकढी बंद

आमच्या बाबांना खोटं बोलता यायचं नाही. फक्त एका बाबतीत यायचं. लघवीतून रक्त गेलं की म्हणायचे, कोकम जास्त झालं. भांडुपला आमच्या घरी रोज सोलकढी, त्यामुळे आम्हीही भाबडेपणाने मान डोलवायचो. मूत्राशयातली पहिली गाठ अशी अख्खा पावसाळा लपली. ती दुर्बिणीतून काढली, वर्षभरात दुसरी आली, मग तिसरी. उपटलेल्या तणासारख्या या गाठी पुन्हा उगवत.

तिसऱ्या वेळी मुलुंडच्या नर्सिंग होमचे डॉक्टर म्हणाले, आता मूत्राशयच काढू, पोटावर लघवीची पिशवी लावू, कटकट मिटेल. कुणाची मिटेल, देव जाणे! बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. पिशवी लावून चारचौघांत बसायची त्यांना लाज वाटत होती. मला त्यांचा इतका राग आला होता की विचारू नका. जीव मोठा की लाज? पण त्यांचं तोंड बघून बोलवेना.

आई त्यांना पालिकेच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई फटकळ. त्या म्हणाल्या, गाठ अजून वरवरची आहे, याही वेळी दुर्बिणीतून काढू. पण दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि मध्ये रक्त दिसलं तर त्याच दिवशी यायचं. लपवलंत तर मूत्राशय जाईलच, जीवही जाईल. मग बाबांना सोडून त्यांनी आईलाच विचारलं, "हे सांगतील का?"

"सांगतील. मी बघते," आई म्हणाली.

घरी येऊन तिने कोकमाची बरणी शेजारणीला देऊन टाकली. बीट बंद, सोलकढी बंद. मालवणी घरात सोलकढी बंद! बाबा रुसले, आम्ही भावंडं कुरकुरलो, पण आई ढिम्म. यांना कारणच ठेवायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं.

तिसरी गाठ काढल्यावर पाच महिने बरे गेले. मग एका शनिवारी बाबा दहिसरला बारशाचं जेवून आले. तिथे सोलकढी होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी सकाळी ते संडासातून आले आणि आईसमोर उभे राहिले. थाप मारायची आयती सोय होती.

"गो, तांबडी झाली," ते म्हणाले. "आणि काल कढी मी पिऊक नाय."

आईने गॅस बंद केला आणि डोळ्यांना पदर लावून हसली. नवऱ्याला पुन्हा गाठ झाली म्हणून हसलेली बाई मी तेवढी एकच पाहिली. दोघं त्याच दिवशी इस्पितळात गेली. गाठ मसुराएवढी निघाली.