कोकिळाबाईंच्या कनवटीचा चाकू

आमच्या सासूबाई, कोकिळाबाई, एकवेळ चष्मा विसरतील, पण कनवटीला चाकू खोचल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाहीत. चाकू घडीचा, लाल मुठीचा, पालीच्या जत्रेत स्वस्तात घेतलेला. अलिबागच्या रस्त्याला त्या पांढऱ्या कांद्याच्या माळा विकतात. त्याच चाकूने माळेची शेंडी छाटतात, ताडगोळे सोलतात, गिऱ्हाइकाच्या नव्या टोपीचं लेबल कापतात, तेही त्याने सांगितलेलं नसताना. "चाकू येवढा भारी नको का जपावा लागंल, न् येवढा हलका नको का गंजंल," हे मत कांद्यांबरोबर सगळ्यांना फुकट मिळतं.

चाकू कुणी मागितला तर लगेच देतात, पण हातात नाही. जमिनीवर ठेवायचा, समोरच्याने उचलायचा. हातातून हातात चाकू गेला की दोघांत भांडण होतं, अशी त्यांची पक्की खात्री. आयुष्यात एकदाच चुकल्या, आणि तेही आमच्याच लग्नाच्या पूजेच्या दिवशी. त्यांच्या थोरल्या जाऊबाई सोनूबाई मांडवात केळीचा खांब धरून उभ्या होत्या. त्यांनी दोरी कापायला घाईत हात पुढे केला आणि सासूबाईंनी सरळ हातातच चाकू दिला. संध्याकाळी वालाच्या भाजीत जास्तीचं मीठ कुणी टाकलं, यावरून दोघींची अशी जुंपली की बोलणंच बंद. भाजी मी चाखली होती, खारटच होती. पण सासूबाईंच्या मते दोष चाकूचा.

गंमत म्हणजे दोघींची दुकानं शेजारी शेजारी. काही सांगायचं झालं तर गिऱ्हाइकामार्फत. "त्या बाईंना सांगा, ताडपत्री सुटलीय." मुंबईचा माणूस बावचळून दोन हातांवरच्या बाईला निरोप द्यायचा.

चाकू बदलला तर अबोला सुटेल, असं सासूबाईंनी मनाशी धरलं. बाजारातून काळा आणला. तो ओल्या हाताने उघडेना. मग प्रणयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मोबाइलवरून एक मागवला. त्यात कात्री, करवत आणि बाटलीचं बूच काढायचा एक मळसूत्री काटा. त्या काट्याने सासूबाईंनी पाठ खाजवली आणि तो चाकू फळीवर ठेवून दिला. अबोला होता तिथेच. लाल मुठीचा पुन्हा कनवटीला आला.

यंदा कळलं, हंगाम संपला की सोनूबाई मुलाकडे पनवेलला कायमच्या राहायला जाणार. त्या रात्री सासूबाईंना जेवण जाईना.

"न बोलताच जाईल काय गं ती?"

मला रागच आला. "मग आई, तुम्हीच बोला ना आधी!"

"मी कशाला? मीठ तिनं टाकलं व्हतं!"

घ्या! म्हणजे चाकू सुटला निर्दोष.

शेवटच्या दिवशी सोनूबाई दुकान उतरवत होत्या, मी आमच्या दुकानावर गिऱ्हाईक बघत होते. ताडपत्रीच्या दोरीची गाठ सुटेना, म्हणून बाई दातांनी ओढायला लागल्या. सासूबाईंना ते बघवलं नाही. झटकन उठल्या, चाकू उघडला आणि मूठ पुढे करून थेट जावेपुढे धरला. सोनूबाईंनी हात मागे घेतला.

"आदी खाली ठेव, कोकिळे. हातात देऊ नको. भांडान व्हईल."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "बाय, आपलं आजून काय भांडान व्हयाचं ऱ्हायलंय?"

सोनूबाईंना हसू फुटलं. मग सासूबाईंना. हसता हसता दोघी रडायला लागल्या, मीही रडले, आणि माझ्यासमोरचं गिऱ्हाईक कांद्याची माळ धरून ताटकळत राहिलं.

सासूबाईंनी चाकू खाली ठेवला, अगदी जपून. सोनूबाईंनी उचलला, दोरी कापली, पातं पदराला पुसून मिटलं आणि चाकू आपल्याच कनवटीला खोचला.

"ह्यो ऱ्हाऊ दे माज्याकडं. न्यायाला ये पनवेलला."

आता महिन्यातून एकदा तरी मी सासूबाईंना पनवेलच्या एसटीत बसवून देते. चाकू आणायला जाते म्हणून निघतात, चार दिवस राहतात, आणि चाकू तिकडेच विसरून येतात.