हळदीतला हेल

नातवंडांना मी भुतांच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्या आजोबांच्या फजित्या सांगितल्या. ही एक गोष्ट मात्र आजवर कुणालाच नाही. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका—मलाही नीट कळत नाही.

माझं माहेर मावळातलं आंबी. लग्न होऊन कराचीला गेले. यांची रेल्वेतली नोकरी. तिकडं पेटी शिकले. बऱ्याच वर्षांनी यांची बदली लोणावळ्याला झाली आणि आमची स्वारी परतली—पायांत चपला, केसांत पिना, आणि डोक्यात हा भ्रम की अख्खं मावळ आपल्याच वाटेकडं डोळे लावून बसलंय! गाडी घाट चढली, डोंगर दिसले, आणि मला म्हणे चाल सुचली. सुचली! ती पेटीवर बसवली, वर माहेरच्या मातीचे चार शब्द चिकटवले. शेजारणी म्हणाल्या, "वहिनी, रडूच आलं हो." मी फुगले. रडू का आलं, हे विचारायची अक्कल कुठं होती?

की होती? इथंच माझा गोंधळ होतो.

भाचीच्या हळदीला पेटी घेऊन आंबीला गेले. चिमा नवरीला हळद लावत होती. चिमा म्हणजे माझी लहानपणची मैत्रीण, भिंतीला भिंत लागून घर.

"कराचीवाल्या बाई, वाजवा की! का पेटी बी लाजती?" कुणीतरी चिडवलं.

मी तीच माझी चाल गायले. दुसऱ्या कडव्याला बायकांचे हात थांबले.

"आगं, गप!" माझी थोरली चुलती ओरडली. "हळदीत गातीस का रडतीस? ह्यो तर हेल हाय!"

माणूस गेल्यावर बाया सूर लावून रडतात, तो हेल. चिमाचा धाकटा भाऊ गेला तेव्हा तिची आई रोज पहाटे असा हेल काढायची, आणि मी भिंतीपलीकडं गोधडीत पडून ऐकायचे. तोच मी जरा जलद लयीत पळवला होता. ते मला तेव्हाच उमगलं का? अर्धं—हो, अर्धं तरी उमगलंच.

"कुनी शिकीवला तुला?"

"चिमानं," मी म्हणाले.

"म्या?" चिमा माझ्याकडं बघत राहिली. "म्या कवा गं?"

मी पेटीचा भाता बंद करत होते. फार नीट बंद करत होते.

"ऊठ चिमे," चुलती म्हणाली. "हात धू. नवरीपाशी थांबू नगंस."

ती उठली. तिच्या आईचं रडणं मी चोरलं आणि त्याचा अपशकुन तिच्याच माथी मारला—एका शब्दात, न अडखळता.

पुढं आंबीत चिमाला कुणी हळदीला बोलावलं नाही. मला बोलवायचे, पेटीसकट. मी तिच्या दारावरूनच जायचे. दरवेळी गेले.