उलटी चप्पल

समुपदेशन केंद्राच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. माझ्यापुढची बाई आत जाता जाता थबकली, वाकली आणि उलटी पडलेली एक चप्पल सुलटी करून मगच आत गेली. चप्पल तिची नव्हती.

मी दारातच उभी राहिले. बाबा पिऊन आले की उंबऱ्याबाहेर चपला भिरकावत. त्यातली एखादी हमखास उलटी पडे. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, असं आई मानायची. बाबा आत शिरले की ती लगबगीने बाहेर जाऊन ती सरळ करायची आणि मग आत येऊन मार खायची. सकाळी सुजल्या ओठांनी मला म्हणायची, "काल जरा उशीरच झाला गं मला, चप्पल सरळ करायला."

म्हणजे दोष दारूचा नाही, बाबांच्या हाताचा नाही, हिच्या उशिराचा! अजून संताप येतो. बाबांना जाऊन वर्षं झाली, तरी संध्याकाळ झाली की माझे कान दाराकडे लागतात. नवऱ्याने साध्या चपला काढल्या तरी मी हातातलं काम टाकून त्या बघायला धावते. माणूस गेल्याचं भीतीला कुणी कळवतच नाही बहुधा.

आतून हाक आली. समोर बसलेल्या ताईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "कुठूनही सुरुवात करा. घाई नाही."

मी म्हटलं, "तुमच्या दारात आत्ता एक चप्पल उलटी पडलीय. माझीच आहे. आत येताना मी ती मुद्दाम तशीच सोडलीय. मला ती सरळ करायला जाऊ देऊ नका."