काहीच नको असलेला नायक

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, मी कॉलेजपासून वाचते, पण साहसकथांमधला एक नायक माझ्या डोक्यात जातो. त्याला स्वतःचं असं काही नकोच असतं. मित्र खजिना शोधायला निघाले म्हणून हा जहाजात बसतो, शत्रू अंगावर आला म्हणून लढतो आणि शेवटी बाकीचे थकले म्हणून राजा होतो. अरे बाबा, तुला काय हवंय ते एकदा बोल की.

तरी एका स्थळाच्या बायोडेटात छंदांपुढे ‘मांगा वाचन’ दिसलं, तेव्हा मी स्वतःहून हो म्हटलं. आईला इतका आनंद झाला की तिने बाबांना सकाळीच ओला नारळ आणायला पिटाळलं.

मुलगा आईवडिलांना घेऊन आमच्या कोपरखैरण्याच्या घरी आला. नोकरी महाप्यालाच, माझ्या ऑफिसच्या मागच्या बिल्डिंगमध्ये. बोलत मात्र त्याची आईच होती. लग्नानंतर दोघांनी कराडला यायचं, त्याने वडिलांचं पंपांचं दुकान बघायचं, मलाही तिकडे काहीतरी मिळेलच. माझ्या नोकरीला ‘काहीतरी’ म्हटलेलं मला झोंबलं. तो खाली मान घालून पोहे खात होता.

मग रिवाजाप्रमाणे ‘तुम्ही दोघं बोला’ म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं. तिथे मात्र तो खुलला. माझ्या आवडीच्या मालिका त्याने वाचल्या होत्या, आणि मी चिडून बोलत होते तेव्हा हसतही छान होता. माझ्या नावडत्या नायकाची बाजू त्याने घेतली.

“तो शांत आहे. सगळ्यांशी ॲडजस्ट करतो.”

“आणि तुम्ही? कराडला जायचंय तुम्हाला?”

“नाही ओ. मला इथेच आवडतं. काम पण मस्त चाललंय.”

“मग घरी सांगितलंत?”

“बघू. कोणीतरी विषय काढेल ना.”

मी कपाळाला हात लावला. पण तो मला आवडला होता, त्यामुळे म्हटलं, “खाली गेल्यावर तुम्हीच काढा.” त्याने मान डोलावली.

खाली आल्यावर बाबांनी आयताच विषय काढला. “मग कराडचं नक्की का?”

“नक्कीच,” त्याची आई म्हणाली. “त्याचं काही म्हणणं नाही.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, मी बोलेन या आशेने. शेवटी मी माझ्यापुरतं बोलले.

“मला इथली नोकरी सोडायची नाही. कराडला जायचं असेल, तर माझा नकार आहे.”

असं तोंडावर सांगायची आमच्यात पद्धत नाही. ‘कळवतो’ म्हणायचं आणि मग फोन करायचा. आईचा चेहरा पडला. पाहुणे चहा न घेताच उठले. तो चपला घालताना काहीतरी म्हणेल, असं मला जिन्यापर्यंत वाटत होतं.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. “थँक्यू हां. तुम्ही बोललात ते बरं झालं. दुसरी मुलगी मिळेपर्यंत आता कराडचं लांबणीवर पडलं. मला आईशी बोलावं पण नाही लागलं.”

वर हसरा चेहरा.

इतका संताप झाला की मी त्याचा नंबर ब्लॉक केला. मग स्वयंपाकघरात जाऊन उरलेले गार पोहे खाता खाता रडले. एक वाक्य बोलला असता, तर मी हो म्हणणार होते.