हिच्या नावाची जागा

नवस फेडायला निघालेल्या माणसाच्या मनात भक्ती असावी. माझ्या मनात हेवा होता. तो लपवून हा अनुभव सांगता येणार नाही, म्हणून आधीच कबूल करून टाकतो. मुंबईच्या विमानतळावर त्या सकाळी जी जी जोडपी दिसली, त्या सगळ्यांचा मला हेवा वाटला. बायकोच्या पर्समध्ये स्वतःचा चष्मा शोधणारा नवरा, 'उपाशीपोटी चहा नको, पित्त होईल' म्हणून नवऱ्याच्या मागे लागलेली बायको, अगदी रांगेत उभं राहून तावातावाने भांडणारी दोघंसुद्धा. भांडायला तरी त्यांच्या बरोबर कुणीतरी होतं.

दिवेआगरला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. तीन वर्षांपूर्वी माझी बायको फार आजारी पडली, इतकी की घरातली माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली. तेव्हा मी हरिहरेश्वराला जाऊन देवापुढे बोललो, 'हिला उठव, आम्ही जोडीने काशीला जाऊन अभिषेक करू.' ही उठली. मग कधी वाडीची कामं, कधी घरी उतरलेले पर्यटक, असं करत जाणं लांबत गेलं. शेवटी यंदा विमानाची दोन तिकिटं काढली. खिडकी हिची, मधली जागा माझी. निघायला पंधरा दिवस असताना हिच्या छातीत पुन्हा दुखलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, लांबचा प्रवास आता विसरा, या वर्षीही नाही नि पुढच्याही नाही.

मी म्हटलं, तिकिटं रद्द करू. जोडीने येतो असं बोललोय, एकट्याने जाऊन काय करू? ही उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "कमरेला सुपारी लावा नि जा. मी येत न्हाय इतकंच, मेले न्हाय अजून."

आमच्याकडे ही रीत आहे. पूजेला बायको हजर नसेल तर नवरा कमरेला सुपारी खोचून बसतो, आणि ती सुपारीच बायकोच्या जागी धरतात. हिने आमच्या वाडीतल्या रोठा सुपारीची टोपली पलंगावर मागवली आणि अर्धा तास निवड केली. ही नको, डाग आहे. ही नको, बसकी आहे. मी म्हटलं, "स्वयंवर चाललंय काय?" तर म्हणाली, "माझ्या जागी जायचीय, चांगली नको?" सुपारी खरं तर पूजेपुरती लावायची. मी ती रुमालात गाठ मारून घराचा उंबरठा ओलांडतानाच कमरेला लावली. वाटेत ही बरोबर नाही असं देवाला एक क्षणही वाटू नये, असा माझा हिशेब होता. मनात एकच भीती होती. मी अर्धा नवस फेडला आणि उरलेल्या अर्ध्यापोटी देवाने हिलाच मागितलं तर?

तपासणीच्या ठिकाणी जवानाचा हात कमरेपाशी थांबला. "ये क्या है?" मी बोलून गेलो, "बीवी है." त्याने रुमालाची गाठ सोडून बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि गाठ पुन्हा नीट बांधून दिली. तेवढं बरं वाटलं. पुढे मात्र माझा पारा चढत गेला. आत सोडायला अजून अवकाश होता, तरी लोक दारापाशी गर्दी करून उभे. ज्याची त्याची जागा ठरलेली, कुणी पळवून नेणार नाही, तरी एकमेकांच्या टाचांवर चाकांच्या बॅगा घालत होते. मी खुर्चीत बसून राहिलो. शेवटी शेवटी उरलेल्या प्रवाशांच्या नावांचा पुकारा झाला, त्यात माझं नाव आलं आणि पाठोपाठ हिचंही. माझ्या पुतण्याने घरूनच मोबाइलवर दोघांचं चेक-इन करून ठेवलं होतं, त्यामुळे विमानतळाच्या लेखी ही आलेलीच होती. मी लगेच उठलो नाही. हिचं नाव एवढ्या मोठ्या जागी आणखी एकदा ऐकावंसं वाटलं. तेही झाल्यावर गेलो आणि सांगितलं, मॅडम येत नाहीत.

विमानात पाऊल ठेवलं तर मधल्या वाटेत रांग खोळंबलेली. माझ्या ओळीत कडेच्या जागेवर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांच्या बेगम वाकून त्यांचा पट्टा लावून देत होत्या, त्यांचा हात बटणावर ठेवून दाखवत होत्या. या वयात हे लाड! माझ्या पोटात दुखलं, दुसरा शब्द नाही. मी "एक्स्क्यूज मी" म्हटलं तर गृहस्थांनी नुसते पाय आखडले, मान वळवून बघितलंसुद्धा नाही. मला तो ताठा वाटला.

मी माझ्या मधल्या जागेवर बसलो. बाईंनी खिडकीकडची रिकामी जागा बघितली आणि म्हणाल्या, "भाऊ, माझी सीट पार मागं आलीय. ती मोकळी हाय ना? तुम्ही तिकडं सरकलात तर मी यांच्या बाजूला बसते. मेहेरबानी होईल."

किती साधं मागणं! एक हात सरकायचं होतं. पण मला वाटलं, यांना सगळं आहे, वर माझ्या हिची जागाही हवी. मी म्हणालो, "ती जागा माझ्या मिसेसची आहे."

"त्या येतायत?"

"हो," मी म्हणालो.

देवाच्या वाटेवर मी असं धडधडीत खोटं बोललो. बाई "बरं" म्हणाल्या, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून "मी मागंच हाय हां" असं दोनदा म्हणाल्या आणि गेल्या. मी रुमालातून सुपारी काढून तळहातावर घेतली. तिला हिच्या जागेवर ठेवायची, म्हणजे मी फारसं खोटं बोललो नाही असं होईल, असं काहीतरी मनाशी जुळवत होतो. तेवढ्यात पुढच्या ओळीतल्या एकाने डोक्यावरच्या कप्प्यात कोंबलेली बॅग घसरली. ती अडवायला मी दोन्ही हात वर केले, आणि सुपारी उडाली.

ती खाली कुठेतरी पडल्याचा आवाज आला. मी त्या गृहस्थांच्या गुडघ्यांवरून ओलांडून वाटेत आलो आणि चक्क रांगायला लागलो. माझ्यानंतर आत आलेल्यांची रांग अडली, मागून आवाज सुरू झाले. "काका, काय करताय?" "चला, चला पुढे." हवाईसुंदरी विचारू लागली, काय हरवलंय, मोबाइल का? मी म्हटलं, सुपारी. कुणीतरी हसलं. "सुपारीसाठी विमान थांबवायचं?" मी उठलो आणि ओरडलोच, "अहो, बायको आहे ती माझी! घरी आजारी आहे, तिच्या जागी आणलीय!"

मग रांगेतल्या लोकांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. इतका वेळ एकमेकांना ढकलणारी ती माणसं एकेक करून खाली वाकली. कुणी बॅगा उचलून धरल्या, कुणी मोबाइलचे दिवे लावले, एका मुलीने तर सीटखाली डोकं घातलं. सुपारी काही मिळेना. मी मनात म्हणत होतो, देवा, जागा गेली तरी चालेल, खोटं बोललो त्याची शिक्षा मला दे, पण हिला हरवू नकोस. आणि त्याच वेळी माझ्या शेजारचे ते गृहस्थ म्हणाले, "थांबा. माझ्या चपलेपाशी काय तरी लागतंय."

त्यांनी पट्टा सोडला आणि खाली वाकले. त्यांचा हात जमिनीवरून चाचपडत, हळूहळू, इंचाइंचाने पुढे सरकत होता. त्यांनी चप्पल उचलल्यावर सुपारी लख्ख उजेडात उघडी पडली, तरी हात आधी दुसरीकडेच गेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना दिसत नव्हतं.

त्यांनी सुपारी उचलली, बोटांत फिरवली, अंगठ्याने तिचा तळ बघितला आणि म्हणाले, "रोठा. आपल्याकडची हाय ही. आमच्या अब्बांचा श्रीवर्धनला सुपारीचाच धंदा होता." मग ती माझ्या हातावर ठेवताना अगदी सहज म्हणाले, "मघाशी म्हणालात त्या येतायत. आल्याच की."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता. वाट मोकळी झाल्यावर मागे गेलो, बाईंना म्हटलं, "वहिनी, चला, माझी चूक झाली." त्या उठता उठता हळूच म्हणाल्या, "यांना आवडत न्हाय लोकांना सांगितलेलं. म्हणून बोलले न्हाय. दोन वर्षांत नजर गेली. लेकीकडं चाललोय, नातू झालाय. बघायला म्हणून न्हाय, हातात घ्यायला."

त्या मधे बसल्या, मी खिडकीकडे हिच्या जागेवर बसलो. ज्या जागेची मी इतकी राखण करत होतो ती रिकामी ठेवून हिला काय मिळणार होतं? विमान वर गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "भाऊ, यांना सांगा ना बाहेर काय दिसतंय. मला उंचीवर बघवत न्हाय." मग मी सांगायला लागलो. मला वर्णन करता येत नाही. ढग कापसासारखे आहेत म्हणालो, तर गृहस्थांनी विचारलं, "पिंजलेल्या की गादीतल्या?" मी नीट बघितलं आणि सांगितलं, गादीतल्या, जुन्या. ते खूश झाले. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी काही बघितलं नव्हतं.

काशीला अभिषेक झाला. संकल्पात गुरुजींनी 'सपत्नीक' म्हटलं तेव्हा मी कमरेला हात लावला आणि रडलो. नवस पुरा झाला की अर्धा, हा प्रश्न त्या क्षणी मी देवावर सोपवला. तो मी इतके दिवस उगाच स्वतःकडे ठेवून घेतला होता.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांचं नाव काय?"

मी विचारलंच नव्हतं. उतरताना लोक पुन्हा घाईला आले होते, त्या गर्दीत दोघं पुढे निघून गेली.

"तुमच्यासाठी तो माणूस जमिनीवर हाताने चाचपडत होता, नि तुम्ही नाव न्हाय विचारलंत?"

"चुकलं," मी म्हणालो. "आता आभार तरी कुणाचे मानू?"

हिने माझा हात ओढून शेजारी बसवलं. म्हणाली, "श्रीवर्धन काय लांब न्हाय. उद्या जा, सुपारीच्या जुन्या व्यापाऱ्यांकडं विचारा. आणि सापडेपर्यंत रोज देवाला सांगा, बाबा, तो तुझा माणूस कोण होता ते मला ठाऊक न्हाय, पण त्याला नातवाचं तोंड दिसू दे."

मी श्रीवर्धनला तीनदा जाऊन आलो, अजून पत्ता लागलेला नाही. हेवा माझ्या मनातून कायमचा गेला असं म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल. पण रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर आम्ही दोघं त्या माणसाच्या डोळ्यांसाठी हात जोडतो, आणि ते जोडीनेच होतं.