डाव्या बोटाचं कुंकू

मी डावरी. आईला याचं भारी दुःख. डाव्या हातानं पाण्याचा तांब्या जरी पुढे केला, तरी मनगटावर चापट बसायची.

या आईची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे पिंपरी कॅम्पातली सिंधी काकी. तिचा भाऊ फाळणीतच इकडे आलेला. ती मात्र बऱ्याच वर्षांनी, नवऱ्याबरोबर आली. मग तिकडचा पासपोर्ट संपला आणि इथलं नागरिकत्व मिळेना. बाई आमच्या डोळ्यांसमोर पापड लाटतेय, भाजीवाल्याशी भांडतेय, पण सरकारदरबारी ती कुठलीच नाही! राहायची मुदत वाढवायला पोलिसांकडे खेटे, गाव सोडायचं तरी परवानगी. उल्हासनगरला तिची बहीण बाळंत झाली, तेव्हा परवानगी हातात पडेपर्यंत बाळ रांगायला लागलं होतं. मला आठवलं की अजून संताप येतो. काकी मात्र म्हणायची, "अच्छा हुआ, रात्रीची जागरणं वाचली."

मुदत वाढवायला जायच्या दिवशी ती आधी आमच्याकडे यायची आणि आई तिच्या तळहातावर दही-साखर ठेवायची. एकदा मी विचारलं, "त्यांनी नाही म्हटलं तर काकीला परत पाठवतील?"

"गप बस. कोण पाठवतंय तिला," आई म्हणाली. पण काकी परत येईपर्यंत ती दारातून हलली नाही.

अखेर नागरिकत्व मिळालं. काकीनं गल्लीभर मिठाई वाटली, तरी तिचा विश्वास बसेना. म्हणायची, "कागज तो पहले भी बहुत मिले, भाभी."

मग निवडणूक आली. शाळेचं फाटक उघडायच्या आधीच काकी नवी साडी नेसून मतदानाच्या रांगेत हजर. तिथून शाई लावलेलं बोट उभं धरून, भर बाजारातून, ती थेट आमच्या घरी आली. आईनं नेहमीसारखा करंडा काढला आणि तिला कुंकू लावलं. आता काकीची पाळी. आनंदाच्या भरात तिनं तेच शाईचं, डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं.

मला वाटलं, आता बसतेय चापट. पण आईनं मुकाट्यानं कपाळ पुढे केलं. ती रडत होती आणि हसतही होती. मलाही इतका आनंद झाला की मी भांडायचंच विसरले. काकी गेल्यावर आठवलं.

"मी डाव्या हातानं लावलं असतं तर चाललं असतं?"

"आधी मत देऊन ये," आई म्हणाली.